गर्डरच्या गाडीपुढे ढोल वाजवण्याबाबत

प्रति,
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी,
नंदुरबार.

विषय : गर्डरच्या गाडीपुढील जीपला दिवा, भोंगा व झेंडे मिळणे आणि मला ढोल वाजवण्यातून सोडवणे.
संदर्भ : दि. ३ डिसेंबर २०२४ रोजी वळणपाड्याजवळ झालेला अपघात.

महोदय,

मी रेवजी बाज्या पावरा, वय ७१, राहणार वळणपाडा, ता. अक्राणी. धडगावच्या घाटाने नव्या पुलाचे लोखंडी गर्डर जातात. वळणावर गर्डरचे मागचे टोक बाहेरच्या बाजूने सगळा रस्ता झाडून काढते. म्हणून पुढे एक जीप चालते. तिच्यावर फिरता दिवा नाही, भोंगा नाही, झेंड्याच्या जागी लाल ओढणी आहे. मागे तर गाडीच नसते.

जीपचालक छगन मला म्हणाला, "बाबा, हॉर्नला इथं कोण विचारतं? तुमचा ढोल ऐकून सगळे सावध होतील." मला ते पटले. ही चूक माझी आहे.

आमच्याकडे ढोल ऐकून माणूस बाजूला होत नाही, धावत येतो. त्या दिवशी तीन पाड्यांची माणसे वळणावर जमली. काही बाया नवे लुगडे नेसून आल्या. मी जीपच्या टपावरून मागे सरा म्हणून ओरडलो आणि जोरात वाजवले. तेव्हा आणखी लोक आले. शेजारची रूपलीबाई हसून म्हणाली, "लगीन कुणाचं, रेवजी? नवरी लई लांब दिसते!" तेवढ्यात गर्डरचे टोक मोहाच्या झाडाला लागले आणि फांदी तिच्यावर पडली. तिचा खांदा मोडला. दवाखान्यात भेटायला गेलो तर एवढेच म्हणाली, "तूच बोलावलंस."

शुक्रवार, दि. १३ रोजी दुसरा गर्डर येणार आहे. छगन म्हणतो, सामान आलेले नाही, ढोल घेऊन या. न वाजवावा तर जीप मुकी येईल. मी पाड्यापाड्यात सांगत फिरलो, की ढोल ऐकून येऊ नका. वरच्या पाड्यातल्या करमसिंगने विचारले, "मग कोणी मेलं तर आम्हाला कळणार कसं?" आमच्याकडे मयताचा सांगावाही ढोलच देतो.

तरी जीपला फिरता दिवा, भोंगा व झेंडे, गर्डरच्या मागेही एक गाडी आणि दोन्ही चालकांकडे वॉकीटॉकी असल्याशिवाय गर्डर घाटात सोडू नये. शुक्रवारपर्यंत हे होणार नसेल तर गाडी खालीच थांबवावी. तेही होणार नसेल, तर त्या दिवशी मी ढोल वाजवू की नको, एवढे आपल्या सहीने लिहून पाठवावे.

आपल्या कागदाची वाट पाहणारा,
रेवजी बाज्या पावरा
दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत : रूपलीबाईच्या दवाखान्याच्या कागदाची नक्कल.