चेन अडकली म्हणून

३ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. हे तुला आता कळलेलं आहे, पण परवाच्या घोटाळ्यानंतर ते माझ्या हस्ताक्षरात तुझ्याकडे असावं असं वाटलं. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू रडतेस आणि मी खोटं बोलतो. पत्रात दोघांनाही जरा आवर घालता येतो.

घोटाळ्याबद्दल हिच्यावर रागावू नकोस. मला आत नेल्यावर हिनं घाईघाईनं तुला फोन लावला आणि सांगितलं की ताई, हे गेले. पुढं 'फोटो काढायला' असं म्हणायचं होतं, हाडांचा फोटो. नेमका तेवढ्यात फोन बंद पडला. आमच्या घरात फोन चार्जिंगला लावायचं काम माझ्याकडे आहे आणि आदल्या रात्री मी ते केलेलं नव्हतं. म्हणजे स्वतःच्या मरणाची बातमी एका अर्थी मीच तुला पाठवली.

आता झालं काय ते. मी मोटरसायकल घेतली तेव्हापासून तुझी टिकली माझ्यामागे लागली होती की मामा, नुसतं हेल्मेट पुरत नाही, कोपराखांद्याला कडक गाद्या असलेलं जाकीट हवं, हातमोजे हवेत. शेवटी तिनंच ते मागवायचं ठरवलं आणि माझ्या छातीचं माप विचारलं. मी माझ्या लग्नातल्या कोटाचं माप दिलं. त्या मापाचा माणूस अजून माझ्या आतच कुठंतरी राहत असावा, अशी माझी समजूत होती. जाकीट आलं, आरशासमोर उभा राहिलो, पोट आत घेतलं, श्वास कोंडला आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. मग श्वास सोडला. चेन अडकली ती अडकलीच.

साबण लावून झाला, मेण लावून झालं. हिनं भिंतीला पाय लावून ओढून पाहिलं, त्यात भिंतीचा रंग निघाला. मी जाकिटातच जेवलो, जाकिटातच झोपलो, उलट्या पडलेल्या कासवासारखा. सकाळी बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जायचं ठरलं. हिनं बजावलं की आता एवढा अवतार झालाच आहे तर हेल्मेट आणि हातमोजेही चढवा, नाहीतर लोकांना जाकीट चोरलेलं वाटेल. बूटही घालणार होतो, पण त्या जाकिटात वाकता येईना, नाड्या बांधणार कशा? म्हणून पायात चपला.

सुतारखान्याच्या वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर आली होती. माझा वेग म्हणशील तर एका शाळकरी मुलीच्या सायकलनं नुकतंच मला मागं टाकलं होतं. वाळू पाहिली आणि जे करू नये तेच केलं, पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी एकीकडे, मी दुसरीकडे. तळहात, कोपर आणि हनुवटीवर घसरत थेट गटाराच्या झाकणापर्यंत गेलो. हेल्मेट रस्त्यावर खरवडल्याचा आवाज मी आतून ऐकला. ताई, तेव्हा मी फार घाबरलो. त्यावर विनोद सुचत नाही, म्हणून एवढंच लिहितो.

डावीकडचं गळ्याजवळचं हाड तडकलं आहे. उजव्या पायाची दोन बोटं मोडली, वरची कातडी गेली, टाके पडले. हात मात्र शाबूत. उद्यापासून बसल्या जागी कवळ्या घासायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले. माझ्या कामात हातच गेले असते तर गावातली निम्मी म्हातारी माणसं बिनदाताची राहिली असती आणि मी बिनपगाराचा.

सर्वांत अपमानास्पद गोष्ट शेवटी लिहितो. जाकीट कापायला नर्सनं कात्री मागवली आणि ती येईपर्यंत म्हणून चेन एकदा ओढून पाहिली. सर्रकन उघडली. वर डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की असा जबाबदार चालक क्वचित पाहायला मिळतो. मी नम्रपणे खाली पाहिलं.

टिकलीची लिफ्टच्या कंपनीतली नोकरी पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून ना? गाडी घेतली का तिनं?

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर तोही मला घट्ट व्हायचा.

तुझा,
धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसले आणि हसल्याचा मला राग आला. तू हसवतोस आणि मुद्दा निसटून जातो, लहानपणापासूनची तुझी खोड. या वेळी निसटू देणार नाही.

तुझ्या बायकोचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या गणवेशाचा खिसा कापत होते. 'हे गेले' ऐकलं आणि कात्री खिशातून सरळ पाठीच्या कापडात गेली. त्यानंतर तिथल्या कंपाउंडरच्या फोनवरून तिचा पुन्हा फोन येईपर्यंत पाव तास गेला. त्या पाव तासात मी काय केलं सांगू? तुझ्यासाठी शिवत असलेला निळा शर्ट मशीनवर पडला होता. एकच बाही लागलेली होती. मी दुसरी घेतली आणि टाचण्या लावायला बसले. भाऊ नाही आणि मी त्याची बाही जोडते आहे, हे मला कळत होतं, पण हात थांबत नव्हते. बाही उलटी लावली होती हे नंतर दिसलं. तो शर्ट तसाच पडून आहे. माझ्यानं त्याला हात लाववत नाही.

म्हणून आजपासून आपल्या दोन्ही घरांत 'गेला', 'गेली', 'गेले' हे शब्द बंद. माणूस घरातून निघाला म्हणायचं आणि पोचला म्हणायचं. मधलं काही सांगायचं नाही. तुझ्या बायकोलाही सांग. बिचारीची त्या दिवसापासून तीन वेळा माफी मागून झाली, आता पुरे म्हणावं.

राहिली टिकली. लिफ्टमध्ये माणसं अडकली की हिनं शहरभर कुठंही तातडीनं पोचायचं, अशी ती नोकरी. मोटरसायकल असल्याशिवाय घेणार नाहीत. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. आता नाही. शाळकरी पोरीच्या सायकलहून हळू चालवणाऱ्या माणसाची ही गत होते, तर घाईत निघणाऱ्या पोरीचं काय? महिनाअखेरीपर्यंत कंपनीला नकार कळव असं मी तिला सांगितलं आहे. ती उठून भांडी आवरायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पाय उशीवर ठेव, खाली लोंबकळत ठेवू नकोस. माया कमी झालेली नाही, पण सध्या तिला रागाच्या मागं उभं केलं आहे.

तुझी,
ताई


१२ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तू बरा आहेस याचा मला खूप आनंद आहे आणि लग्नातल्या कोटाचं माप दिलंस याचा तितकाच संताप. मी तुझी छाती पाहिलेली आहे रे! ते माप वाचून मला वाटलं, मामा आजारी वगैरे आहे की काय.

आईनं तुला लिहिलंच असेल. ती जेवते, शिवते, माझ्याशी नीट बोलते. फक्त मी रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज ऐकून खिडकीकडे पाहिलं की ती मशीन जोरात चालवते. मी भांडू शकले असते, पण तो पाव तास मी तिच्यासमोर उभी होते मामा. ती बाही जोडत होती ते मी पाहिलं आहे. त्यानंतर कुठल्या तोंडानं भांडू? आणि तरी मला ही नोकरी हवी आहे. दोन वर्षं बंद लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, तेलात हात काळे करून शिकले ते काय दुसऱ्याच्या कार्यशाळेत पाने पुसायला?

तू मामीकडून आईला निरोप पाठवला होतास की तुझं हेल्मेट मला देशील. देऊ नकोस. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालायचं नसतं. वरून धड दिसलं तरी आतलं अस्तर दबलेलं असतं, दुसरा मार ते झेलत नाही. मामीला दे, कुंडी करील.

तूच काहीतरी कर. आई तुझं ऐकत नाही हे मला माहीत आहे, पण तुझ्यावर हसते तरी. मी हसवायला बसले तर मलाच रडू येतं.

तुझ्या मायेवर नेहमीसारखाच डल्ला मारणारी,
टिकली


१६ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सोबत एक पार्सल पाठवतो आहे. उघडताना नाक धर. त्यात माझं जाकीट आहे, हातमोजे आहेत आणि उजव्या पायातली चप्पल आहे. टपाल कचेरीतल्या बाईंनी आत काय आहे विचारलं तेव्हा मी पुरावा असं सांगितलं. त्यांनी माझ्या पायाच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि ठप्पकन शिक्का मारला.

तू मला उपदेश करू नकोस म्हणून बजावशील, म्हणून आधीच सांगतो की उपदेश करायला मी लायकच नाही. मी जाकीट सावधपणानं घातलं नाही, ते मला काढता आलं नाही. हातमोजे शोभेसाठी घातले. माझ्या शहाणपणाचं म्हणून जे काही त्या दिवशी अंगावर होतं ती फक्त चप्पल. ती मी स्वतः विचार करून घातली होती. पुरावा पाहशील तेव्हा कळेल, मी जिथं जिथं विचार केला तिथं तिथंच टाके पडले आहेत.

ताई, एक खरं लिहितो. संध्याकाळी कवळी घासताना मी तळहात दिव्याखाली धरून बघतो. नुसताच बघतो. ही विचारते काय बघताय, मी म्हणतो काही नाही. हे हात टिकलीनं वाचवले. ती माझ्यामागं लागली नसती तर यातलं काहीच घरात आलं नसतं. गाडीवर बसणारा माणूस पडणार नाही असं मी तुला सांगत नाही, तू विश्वासही ठेवणार नाहीस. पण मी आंधळ्यासारखा, चुकून, चेन अडकली म्हणून जे घातलं ते ती पोरगी डोळे उघडे ठेवून घालणार आहे. ज्यानं मला वाचवलं ते तिला वाचवणार नाही असं का धरतेस?

तुझा नकार आला तरी लोभात खंड नसावा. चप्पल परत पाठवली नाहीस तरी चालेल.

तुझा,
धाकटा


२३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं. दोन दिवस उघडलं नाही. परवा दुपारी टिकली नसताना उघडलं आणि सगळं शिवणाच्या टेबलावर मांडलं.

हातमोज्यात हात घातला. तळव्याची वरची कातडी पार उडाली आहे, बोट बाहेर येतं. पण आत दुसरा थर आहे, तो शाबूत. मोजा उलटा करून शिलाई पाहिली. दुहेरी दोरा, एक टाका सुटलेला नाही. मग चप्पल पाहिली. पट्टा तुटलेला, कडेला तुझं रक्त वाळलेलं. कितीतरी वेळ एका हातात मोजा आणि एका हातात चप्पल धरून बसले. हात तुझाच, पाय तुझाच. हाताला कुणीतरी शिंपी भेटला होता, पायाला भेटला नव्हता. तुझ्या चार पानांनी झालं नसतं ते त्या शिलाईनं केलं, असं समज.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढंच आहे. मला कारणाशिवाय अडकलेली चेन सहन होत नाही, म्हणून भिंग लावून दात तपासले. चेनीत काय सापडलं असेल? बनियनची चिंधी! पडल्यावर ती फाटली, म्हणून नर्सला चेन उघडता आली. आणि ते बनियन मी ओळखलं. काखेत भोक पडलेलं, पिवळं झालेलं, गेल्या सुट्टीत मी तुझ्या दोरीवरून काढून फडकी करायला दिलं होतं. म्हणजे तू ते परत ढापलंस! मी टाक म्हटलं, तू टाकलं नाहीस, ते चेनीत अडकलं, जाकीट अंगावर राहिलं आणि तू वाचलास.

यावर मी खूप हसले रे. मग रडले. माझं ऐकलं असतंस तर आज तू नसतास. एवढी वर्षं मला वाटत होतं, माझं ऐकलं की माणसं सुखरूप राहतात. आता टिकलीला 'माझं ऐक' असं कुठल्या जोरावर सांगू?

तेव्हा तिला हो म्हटलं आहे. ती इतका वेळ गळ्यात पडून राहिली की माझी टेप तिच्यात गुंतली. अटी आहेत. जाकिटाचं माप मी घेणार, खरं माप. बूट आधी बांधायचे आणि जाकीट मग चढवायचं, हा क्रम आपल्या घराण्यात तुझ्या कृपेनं पडला. आणि पोचल्यावर एक शब्द कळवायचा.

बनियनची चिंधी मी ठेवून घेतली आहे. बाकीचं बनियन आतातरी टाक. की नको टाकूस. माझं मला कळेनासं झालं आहे.

रागाच्या मागं उभी केलेली माया आता पुढं आली आहे. ती मानून घे.

तुझी,
ताई


२ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

थोडक्यात लिहिते. काल सकाळी टिकली ग... खोडलं आहे, पाहिलंस ना? काल सकाळी टिकली कामावर निघाली. बूट आधी, जाकीट मग. हेल्मेटचा पट्टा मी स्वतः दोनदा ओढून पाहिला, ती वैतागली. येते म्हणाली. हेल्मेटमधून नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणायला लावलं.

वळणापर्यंत गाडी दिसली, नंतर नुसता आवाज, नंतर तोही नाही. आत आले. पुन्हा तसाच वेळ समोर होता आणि काय करावं ते कळेना. मशीनवर तुझा निळा शर्ट होता. उलटी लावलेली बाही उसवली, सुलटी केली आणि शिवायला घेतली. टाका सरळ पडला. खांद्याशी पोचले तेव्हा फोन वाजला. टिकलीनं एकच शब्द पाठवला होता, पोचले.

मी बराच वेळ तो शब्द वाचत बसले. मग बाही पुरी केली.

शर्ट आजच टपालानं निघाला आहे. छाती खऱ्या मापाची ठेवली आहे, रागावू नकोस. तुला मिळाला की कळव. आणि पाय बरा झाला की तू पुन्हा गाडी काढणारच आहेस, मी काही विचारत नाही. फक्त कुठंही निघालास तरी, पोचलास की कळवत जा.

तुझी,
ताई