पपांची बाही

७ सप्टेंबर १९८६, रविवार

बोग्नाला मी घरात पाय ठेवू देणार नाही. नाही म्हणजे नाही!

आज चर्चनंतर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, खसखशीचा केक तोंडात कोंबत म्हणते — "इरका, पपांची ती चौकट दे ना. आपल्या शनिवारच्या पोलिश शाळेच्या नव्या झेंड्यावर तेच जुनं बोधचिन्ह लावायचं ठरलंय." ठरलंय! कोणी ठरवलं? माझ्या भावाशी लग्न केलं म्हणून माझे पपा हिचे झाले काय?

भाऊ झेनेक शेजारीच उभा. नुसता नंदीबैल.

८ सप्टेंबर

रात्रभर डोळा लागला नाही. पपांच्या तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूफच्या शाळेचं निळं चिन्ह ते, कोटाच्या डाव्या बाहीवरचं. सोळाव्या वर्षी रशियनांनी त्यांना आजीसकट सायबेरियात नेलं, तेव्हा अंगात तोच कोट. तिकडे पावासाठी कोट विकला, पण बाही कापून ठेवली — आजीने तिच्यावर चिन्ह शिवलं होतं म्हणून. आजी तिकडेच गेली. ना कबर, ना फोटो. चौकटीत ती बाही; काचेतून आजीचे टाके तेवढे दिसतात, बारीक, पांढरे.

झेंड्यावर लावायचं म्हणजे तेच उसवणार!

१० सप्टेंबर

झेनेकचा फोन. "अगं, ब्रॅडफर्डची ती शाळा पपांनीच तर काढली…" मी आपटला.

१३ सप्टेंबर, शनिवार

बोग्ना आली. मी दारातच अडवली. टाक्यांचं सांगितलं तर बया हसायला लागली!

"टाके कसले कवटाळतेस? आमच्या पोलंडात, लुब्लिनमध्ये एकाही पोराचं शिवलेलं नसायचं. टिचबटणं! शाळा सुटली की टिच् — चिन्ह खिशात, शाळा कोण ओळखणार, आणि चालले सिनेमाला. हेडमास्तर फाटकात बाह्या ओढून बघायचे."

"तुमच्याकडे असतील तसले. आमचे पपा तसले नव्हते!" दार तोंडावर लावलं.

नव्हतेच. दहा वर्षांची होते मी. घाईत शाळेचं चिन्ह सेफ्टीपिनने लावलं. वर्गावर पपाच होते; त्यांनी ओढून बघितलं, पिन निघाली. सगळ्या वर्गासमोर कानफटात! "आजीने जीव ओतून शिवलं होतं, आणि तुला चार टाके जड?" आठवलं की गाल अजून चुरचुरतो. पण चूक माझीच होती.

१४ सप्टेंबर

झेनेकची चिठ्ठी — पपांच्या माघारी चौकट अर्धी त्याचीही. बरं. देईन! पण बोग्नाची कात्री आजीच्या टाक्यांना लागता कामा नये. उसवीन तर मीच.

१५ सप्टेंबर

चौकट उघडली. टाके चिन्हाच्या कडेलाच फिरवलेले, नुसते दाखवायला. बाहीत एकही नाही. ओढलं — टिच्. चार टिचबटणं, गंजलेली.

मला मारलंत, पपा. मला!

मग बटणं बघितली. तोच बारीक पांढरा दोरा, तोच हात. आजीनेच लावून दिलेली!

बोग्नाला फोन केला. "चिन्ह घेऊन जा. उसवायचं काही नाही." बाही मात्र देणार नाही.