अक्कलकोटकडची खपली

आबा, तीनदा उठून पुन्हा लिहायला बसलोय. चिंचोळीची कंपनी सोडली, टेंभुर्णीचा ढाबाही सोडला, ते जाऊ द्या. आता गव्हाच्या संशोधन केंद्रात रोजंदारीवर आहे. कोवळ्या पानांचे तुकडे बारक्या नळ्यांत भरायचे, नळीवर नंबर घालायचा. पुढं पानातल्या डीएनएच्या खुणा तपासतात आणि कुठला गहू कुणाच्या किती नात्यातला ते कळतं. फार जवळच्यांचा संकर करून नवं काही हाती लागत नाही. तुम्ही सोयरीक जमवताना आधी कूळ विचारायचात, तसंच हे.

आईनं तुमच्या खपली गव्हाच्या दोन्ही पिशव्या इथं पाठवल्या. एक घरची, एक अक्कलकोटकडून आणलेली, तांबेरा रोगात तग धरणारी. तुम्ही गेल्यावरही ती दरसाल दोन वेगळे वाफे करते. इथल्या मॅडमना त्या दोन्हींचा संकर करायचा होता. काल म्हणाल्या, "अरे, दोन्हीत एकच गहू आहे. वडिलांची पिशवीवरची चिठ्ठी चुकली असेल." मी नळ्या पुसत राहिलो.

दहावी नापास होऊन मी घरी होतो. तुम्ही अक्कलकोटचं बी अंगणात धोतरावर वाळत घालताय. "हितनं हलू नगंस. लई लांबनं आणलंय," म्हणताय, आणखीही काही सांगताय. तेवढ्यात ओढ्यावर जेसीबी येतो आणि मी जातो. परत येईस्तोवर शेळ्यांनी धोतर चाटून साफ केलेलं. मी घरच्या पिशवीतलं अर्धं बी अक्कलकोटच्या रिकाम्या पिशवीत ओतलं आणि तोंड बांधलं. पुढच्या हंगामात दोन्ही वाफ्यांवर तांबेरा. तुम्ही दोन्हींकडच्या ओंब्या हातात धरून उभे. "दोनी सारख्याच दिसत्यात की रं. माजी नजर गेली काय?" मी म्हणालो, "चष्मा घ्या की आबा." तुम्ही सोलापूरला जाऊन चष्मा आणलात. त्यातूनही सारख्याच दिसल्या, तेव्हा तो काढून खिशात ठेवलात. नजर ठीक होती तुमची. आता मशीनही तेच म्हणतंय.

आज मॅडमना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या, "त्या गावात अजून कुणाकडं असेल ते बी. गाव कुठलं?" आईला आठवत नाही. रविवारी गाडी काढून तिकडं गावोगाव फिरणार आहे, फिरणं तेवढं जमतं मला. गावाचं नाव तुम्ही त्या सकाळी सांगितलं होतंत, आबा. मी जेसीबीकडं बघत होतो.