मैत्रिणीचा मुरगळलेला घोटा

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. साष्टांग घालायला जागा नाही. या खोलीत आठ पलंग आहेत आणि सात जणींच्या बॅगा जमिनीवर पसरल्या आहेत.

परदेशात पाच महिने एकटी फिरते म्हटलं असतं, तर तुम्ही सोडलं नसतं. म्हणून मी सोबत एक मैत्रीण घेतली. ती अस्तित्वात नाही.

कंपनीच्या चाचणी-अहवालात आम्ही प्रत्येक बिघाड बाहेरून आणलेल्या सुट्या भागावर ढकलतो. इथे मी तीच पद्धत वापरली. मोबाईल खिशात ठेवून पँट धुतली ती मैत्रिणीने. उलट दिशेच्या बसमध्ये बसून चार तास गेली तीही तीच. घोटा तिचा मुरगळला. कपडे धुण्याच्या खोलीत भरदुपारी घरच्या आठवणीने रडत बसली तीसुद्धा तीच. मी फक्त तिला सांभाळत होते.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "त्या वेंधळीला एकटीला सोडू नकोस गं. तुझं काय, तू कुठेही निभावशील."

मागून आई म्हणाली, "तिलाही सरळ आपल्याकडेच आण. चार दिवस आयतं खाऊ दे बिचारीला."

शनिवारी विमानतळातून एकच मुलगी बाहेर येईल, जराशी लंगडत. ती वेंधळी आहे. तिला घरी न्या. या पाच महिन्यांत जिची तुम्हाला काळजी वाटली नाही, ती दुसरी मुलगी मी बनवलेली होती.

तुमची,
धाकटी

ता. क. हे पत्र पाठवत नाही. घोटा दिसेलच.