अण्णांच्या हातचं मीठ

२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रात तू टोमणा मारलास की ताई काम असलं तरच लिहिते. खरं आहे, आताही कामच आहे.

येत्या पाच तारखेला दुपारच्या बसने अण्णा तुझ्याकडे येतायत. आठ-दहा दिवस राहतील. आपल्या खाणावळीसमोर नवं हॉटेल झालंय, काचाबिचा लावून, आणि गिऱ्हाइकं अजून आपल्याकडे येत असली तरी त्यांची नजर तिकडे जाते. मी अण्णांना म्हटलं, शहरात जाऊन चार हॉटेलांत जेवून या, काय नवीन चालतं ते बघा, मग आपण फळ्यावरचे पदार्थ बदलू. आधी माझ्यावर उखडले. चाळीस वर्षं लोकांना जेवू घालणाऱ्याला दुसऱ्याच्या ताटात डोकवायला सांगतेस, म्हणाले. संध्याकाळी बघते तर स्वतःच माळ्यावरची बॅग काढून पुसत बसलेले. हॉटेलांना मार्क द्यायला एक वहीसुद्धा घेतलीय. हुरळलेत, तू हसू नकोस.

तुला मात्र दुसरंच सांगायचंय. जेवताना त्यांच्याकडे लक्ष ठेव. काय खातात ह्यापेक्षा कसं खातात ते बघ आणि जे दिसेल ते मला लिही. मी आधी काही सांगत नाही, नाहीतर तू तेवढंच बघशील. फोनवर हे बोलता येत नाही. फोन गल्ल्यावर आणि गल्ल्यावर अण्णा. म्हणून हे पत्र तुझ्या बाइंडिंगच्या कारखान्यावर टाकतेय. घरी टाकलं असतं तर आपल्या घरच्या रीतीने जो दार उघडेल त्याने फोडून मोठ्याने वाचलं असतं.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ आहेच, सध्या तो सगळा अण्णांना दे.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. अण्णा सुखरूप पोचले. आल्या आल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बोथट आहेत म्हणून हिला बोलले आणि दोन तास बसून सगळ्यांना धार लावली. ही खूश आहे.

तीन हॉटेलं झाली. पहिलं तिसऱ्या मजल्यावरचं, मेनूकार्डावर मुंगीएवढी अक्षरं. अण्णा ते कार्ड पार डाव्या बाजूला धरून, कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून वाचत होते. अळंबीचं सूप मागवलं. दोन चमचे घेतले आणि मिठाची बाटली उलटी केली. मग आचाऱ्याला बोलावणं धाडलं. एक उंच, सज्जन माणूस हात पुसत आला. अण्णांनी त्याला अगदी बरोबरीच्या नात्याने सांगितलं की हात चांगला आहे, पण मिठाला भितोस. त्याने दुसरा चमचा घेऊन अण्णांच्याच वाटीतलं चाखलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि लक्षात ठेवीन म्हणून निघून गेला. नंतर मी चाखलं. तोंडात धरवेना इतकं खारट. वहीत नोंद झाली, मीठ कमी, मार्क चार.

दुसरं, हातात ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं हॉटेल. तिथेही मीठ कमी, मार्क तीन. ही चेष्टेने म्हणाली की मामंजींच्या हाताखाली शिकल्याशिवाय कुणालाही चार मार्कांवर जाता येणार नाही. अण्णा पोट धरून हसले.

काल गोदामांपाशी माशांच्या हॉटेलात गेलो. ताटं आली आणि हिने रुमाल नाकाला लावला. मासा उतरलेला होता, शेजारच्या टेबलावरचे लोक उठून उभे राहिले. वेटर धावत ताटं उचलायला आला. तोवर अण्णांचे दोन तुकडे खाऊन झाले होते आणि तिसऱ्याचे काटे काढणं चाललं होतं. त्यांनी ताट हाताने दाबून धरलं आणि वेटरला झापलं की शहरात मासा कळणारं हे पहिलं हॉटेल, आणि तू भरलं ताट उचलतोस. मी वेटरकडे बघून हसलो, ताई. म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नका, अशा अर्थाने. त्याची मला अजून लाज वाटतेय. ह्याच माणसाने आपल्या दोघांना बाजारात नेऊन, हात मागे बांधायला लावून, नुसत्या नाकाने मासा निवडायला शिकवलं होतं.

आज सकाळी कारखान्यातला, पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा डबा घरी आणला. तो उघडला की आमच्याकडे नवीन माणूस बाहेर पळतो. अण्णा पेपर वाचत होते, मी मागून तो त्यांच्या नाकापाशी धरला. त्यांनी पान उलटलं आणि पुढचं वाचत राहिले.

तुला हेच बघायला हवं होतं ना? मंगळवारी डॉक्टरांकडे नेतोय. त्यांना सांगितलंय की चष्म्याचा नंबर तपासायचाय. लोभ असावा, आणि पुढच्या वेळी थोडा विश्वासही.

तुझा,
बारक्या

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. गोल गोल लिहून काही उपयोग नाही. अण्णांच्या डोक्यात गाठ आहे. कपाळाच्या मागे, नाकाच्या मुळाच्या वर. डॉक्टरांनी फोटो दाखवला, लिंबाएवढी आहे. आधी तिने वासाची नस दाबली, त्याबरोबर चवही गेली, आता डोळ्यांच्या नसांवर टेकलीय. उजव्या डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसत नाही. मान वाकडी करून वाचतात ते त्यामुळे, आणि मी त्याला कोंबडी म्हणून बसलो.

आता नीट वाच. डॉक्टरांना एकच गोष्ट पक्की हवीय, वास कधी गेला. चार-सहा महिन्यांतच गेला असेल तर गाठ झपाट्याने वाढणारी, वाईट जातीची, मग आधी दुसरे उपचार करावे लागतील. वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर ती सावकाश वाढणारी, आणि मग लगेच ऑपरेशन करून काढता येईल. अण्णांनी छातीठोक सांगितलं की ऑक्टोबरातल्या सर्दीपासून नाक चोंदलंय, त्याआधी काही नव्हतं. जिभेचं विचारलं तर चिडले. रोज साठ माणसं जेवतात, म्हणाले, जीभ गेली असती तर एक तरी ताट परत आलं नसतं का?

परत येताना हट्टाने चौथ्या हॉटेलात शिरले. सूप मागवलं, मिठाला हात लावला नाही. मीठ ठीक आहे का, असं त्यांनी मला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा. मी ठीक आहे म्हणालो. त्यांनी सगळं संपवलं. वहीत काही लिहिलं नाही.

तू रोज त्यांच्या शेजारी उभी असतेस. खरी तारीख तुलाच माहीत असणार. ह्या दोन खोल्यांत फोनवर बोललं की त्यांना ऐकू जातं आणि कारखान्यात फोन नाही, तेव्हा कारखान्याच्या पत्त्यावर लिही, आणि लगेच.

तुझा,
बारक्या

१६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. डॉक्टरांना सांग, दोन वर्षं चार महिने.

एकही ताट परत आलं नाही, कारण मी येऊ दिलं नाही. तुला आपल्याकडची पद्धत माहीत आहे. शेवटचं मीठ अण्णा स्वतःच्या हाताने टाकणार, आणि त्यानंतर पातेल्याला कुणी हात लावायचा नाही. आई होती तेव्हा तीही लावत नसे. तर दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आठवडाभर रस्सा असा खारट झाला की लोक पाणी पिऊन पिऊन उठायचे. कुणी बोललं नाही. मी एकदा बोलायला गेले तर अण्णा म्हणाले, तुझी जीभ बिघडलीय. पण त्यांचा चेहरा इतका पडला की मी पुढचे शब्द गिळले. दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजता ते आंघोळीला गेले की मी पातेल्यात हात घालायला लागले. निम्मा रस्सा काढून ठेवायचा, बिनमिठाचा वेगळा केलेला त्यात मिसळायचा, मसाला पुन्हा बघायचा. मासळी ते निवडायचे, मी धुवायच्या निमित्ताने उतरलेली काढून टाकायची. वीस मिनिटांत सगळं. इतका हात बसला की कधी कधी मलाच वाटायचं, काही झालंच नाहीये.

मला वाटलं वय झालं, जीभ मंदावली. आजार असेल हे डोक्यात आलं नाही, असं लिहिणार होते. पण आलं होतं. येऊन गेलं. डॉक्टरांकडे न्यायचं तर आधी त्यांना सांगावं लागलं असतं की तुमच्या हातची चव गेली, आणि ते मला जमलं नाही. जानेवारीत एक दिवस गॅस उघडा राहिला, सगळ्या खोलीत वास, आणि अण्णा मध्यभागी बसून शांतपणे कांदा चिरत होते. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि ठरवलं, आता पुरे. हॉटेलांचं निमित्त काढून तुझ्याकडे धाडलं, म्हणजे सांगायचं काम तुझ्यावर ढकललं.

मी चव सांभाळत बसले आणि आत गाठ वाढत गेली. लवकर कळलं असतं तर डोळा वाचला असता, हे डॉक्टरांनी मला सांगायची गरज नाही. हे अण्णांना कळू देऊ नकोस. मला शिव्या घाल, त्या मी घेईन.

लोभ ठेव असं म्हणायचं तोंड नाही, तरी ठेव.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पाकिटावर तू घरचा पत्ता घातलास. दोष देत नाही, त्या दिवशी तुझं डोकं ठिकाणावर नसणार. मी कारखान्यात होतो. दार अण्णांनी उघडलं, तुझं अक्षर ओळखलं आणि आपल्या रीतीप्रमाणे पाकीट फोडलं. बारीक अक्षर दिसेना म्हणून हिला वाचायला बसवलं. ही पहिल्या चार ओळींनंतर अडखळली, पाणी तापत ठेवलंय म्हणून उठायला लागली. त्यांनी तिला खाली बसवलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतलं.

डॉक्टरांना तारीख मिळाली. गाठ सावकाश वाढणारी आहे, ऑपरेशन करता येईल, पाच मार्च ठरलीय. ते म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर उजवा डोळा हाती लागला असता. आता डावा वाचवायचा, आणि तोही महिनाभरापेक्षा जास्त थांबणार नाही. एवढ्या मोठ्या गाठीत जिवाची खात्रीही ते देत नाहीत. पण अण्णा सही करत नाहीत. फॉर्म टेबलावर पडून आहे. दोन दिवस खिडकीकडे तोंड करून बसले. काल म्हणाले की दोन वर्षं लोक मला शाबासकी देत होते आणि मी ती घेत होतो, चोर मी झालो की ती? मी म्हटलं, ताईने मायेपोटी केलं. तर म्हणाले, मायेपोटी माणसाला त्याच्याच खाणावळीत बाहुलं करून बसवतात होय.

आज सकाळी त्यांनी अट सांगितली. दुपारी खाणावळ भरलेली असताना तू सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं की दोन वर्षं हा स्वयंपाक अण्णांचा नव्हता, माझा होता. नंतर लोक काय म्हणाले ते जसंच्या तसं त्यांना लिहायचं. ते पत्र आल्याशिवाय सही नाही.

ताई, सांगितलंस किंवा नाही सांगितलंस, मला पर्वा नाही. सांगितलं असं लिही, लोक गप्प बसले असं लिही, काहीही लिही, पण त्यांना सही करू दे.

तुझा,
बारक्या

२३ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णांस,

शि. सा. न. वि. वि. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. बारक्याने मला खोटं लिहायचा मार्ग दाखवला होता, पण खोटं बोलून काय होतं ते आपण बघतोच आहोत.

साडेबाराला चोवीस माणसं जेवत होती. मी परातीवर डाव आपटला आणि सांगितलं. सगळं सांगितलं. गाठीचंही सांगितलं.

लोक काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहायचं म्हणालात, तेव्हा ऐका. आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. आपल्याकडे रोज जेवणारे बसचे कंडक्टर म्हणाले, आम्हाला तेव्हाच कळलं होतं. आठ दिवस खारट खाल्लं, नवव्या दिवशी बरोबर लागलं, आणि त्यात मिरी तुमच्यापेक्षा जास्त होती, म्हणून मुलीचा हात असणार हे त्यांनी ओळखलं. मग सगळ्यांनी आपसात ठरवलं की अण्णांना कळू द्यायचं नाही. त्या दिवसापासून गल्ल्यावर तुमचं कौतुक जरा जास्तच मोठ्याने व्हायला लागलं. औषधांच्या दुकानवाले काका मात्र खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, चव अशी अचानक जाते तेव्हा डॉक्टरांना दाखवावं, हे माझ्या मनात आलं होतं, पण अण्णांना कोण सांगणार. आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

आम्ही साठ माणसं तुम्हाला सांभाळत होतो आणि एकानेही तुम्हाला विचारलं नाही. त्यात सगळ्यात जवळची मी. तुमची लाज राखायला गेले आणि तुमचा डोळा घालवला. ह्याची माफी मागत नाही, ती मागण्यासारखी गोष्ट नाही.

दोन वर्षांत तुमच्या हातचं म्हणून जसंच्या तसं वाढलेलं एकही पातेलं नव्हतं. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. आता तुमच्यापासून लपवलेलं माझ्याकडे काही उरलं नाही. सही करा.

तुमची,
मोठी

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र हिनेच वाचलं. अण्णांनी तिला बजावलं होतं की मध्ये थांबायचं नाही. पण औषधवाल्या काकांची ओळ आली तेव्हा त्यांनीच हात वर केला. मग म्हणाले, बिचाऱ्याला मी रोज बळेच दुसरी वाटी वाढायचो. आणि फॉर्म मागितला. सही करताना पेन रेषेवरून घसरलं, मी हात धरायला गेलो तर मला झिडकारलं. सही वाकडी आहे, पण डॉक्टर चालेल म्हणाले.

काल डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. वास परत येणार नाही, ते त्यांनी अण्णांच्या तोंडावर सांगितलं. डाव्याचं ऑपरेशननंतर काय ते कळेल. बाकीचं मी इथे लिहीत नाही, तुला समजतंय.

तू खाणावळीला कुलूप लाव आणि चार तारखेच्या पहिल्या बसने नीघ. अण्णांनी निरोप दिलाय की उजेड आहे तोवर पोच. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तो जाईल तेव्हा जाईल, पण पोरीचं तोंड एकदा नीट बघून ठेवायचंय, म्हणाले.

भेटीपर्यंत लोभ धरून ठेव.

तुझा,
बारक्या