साडूवर बिनतारी सूड

२१ जून १९५८, शनिवार
शरयूनं आज कॅलेंडर बघून सांगितलं, यंदा अधिक श्रावण आहे. म्हणजे धोंड्याचं जेवण. म्हणजे बदनापूर. म्हणजे मार्तंड!
तीन वर्षं वाट पाहून राह्यलो. आता सोडत नाही.
मागचं सगळं लिहून ठेवतो, म्हणजे डोकं तापलेलं राहील. पंचावन्नच्या अधिक महिन्यात सासऱ्यांनी, रामरावमामांनी, दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. मी थोरला जावई. पहिला पाट माझा. पण जीप नाल्यात फसली आणि पोचायला पाच वाजले. तोवर माझा साडू मार्तंड माझ्या पाटावर बसून, जेवून, वर विडा चघळून मोकळा. हा रेल्वेत तारबाबू आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं मला तार ठोकली : ‘जीप सापडली का?’ पोस्टमननं ती जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत उभं राहून मोठ्यानं वाचली. गल्ली अजून विचारते.

२३ जून
ठरलं. तारेला उत्तर बिनतारीनं. जीपमध्ये वायरलेस बसवणार. दोन सेट घ्यायचे. एक जीपमध्ये, दुसरा मामांच्या ओसरीवर. ओसरीवरच्या सेटला भाड्याचा कर्णा जोडायचा. अख्खी पंगत ऐकेल, श्रीपतराव आता अमक्या ठिकाणी आहेत, बरोबर बारा वाजता पोचतील. आणि बाराला मी दारात. रस्त्यानं नाही. रस्त्यानं टांगाही येतो. थेट काळ्या रानातून!
मार्तंडचं तोंड तेव्हा कसं होईल ते मनात तीनदा पाहिलं. फार बरं वाटलं.
शरयू म्हणाली, आगगाडीनं पाऊण तासात पोचतो माणूस. तिला यातलं काय कळतं.

२९ जून
औरंगाबादच्या छावणीत मिलिटरीचा जुना माल विकणाऱ्या कबाड्याकडे गेल्तो. त्यानं तीन प्रकार दाखवले. पहिला हातात मावणारा. एवढ्याशा वस्तूनं कुणी सूड घेत नसतं. दुसरा पाठीवर बांधायचा. त्यात उंदरांनी संसार थाटलेला. तिसरा रणगाड्यातला, एकोणीस नंबरचा. उचलायला दोन माणसं लागतात. बटनांवर इंग्रजीखाली रशियन अक्षरं. हाच! जोडी घेतली. कबाडी म्हणाला, बारा मैल तर हसत हसत जाईल आवाज.
रशियन आठवडाभरात शिकून टाकीन.
परवाना लागतो म्हणे. अर्ज लिहीन.

४ जुलै
गफूर मिस्त्रीकडे जीप लावली. तो म्हणाला, जीप सहा व्होल्टची, सेट बारा व्होल्टचा. मी म्हणालो, थोडं ॲडजस्ट करून घे. म्हणाला, साब, बिलकुल नहीं, जल जाएगा. मंग शेजारच्या सीटखाली दुसरी बॅटरी बसवली. सेट मागच्या सीटवर मावेना, म्हणून मागची सीटच काढली. आता शरयूला बसायला जागा नाही. घरी येऊन तिला हळूच सांगितलं. म्हणाली, बरं झालं, मी आदल्या दिवशी आगगाडीनं जाईन. दुःख लपवते बिचारी.

९ जुलै
एरियल कुठे लावायचं यावर मिस्त्रीशी वाद. तो म्हणे पुढे, छोटं. मी म्हटलं मागे, आठ फुटी. मार्तंडला लांबून दिसलं पाहिजे. माझंच खरं झालं.
घरी येताना एरियलमध्ये गफूरच्या गल्लीतल्या नंदाबाईंचं वाळत घातलेलं लुगडं अडकलं. धान्यबाजारातून पार कापडबाजारापर्यंत फडकत आलं. लोकांना वाटलं इलेक्शन आलं. नंदाबाई दारात येऊन जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. वायरलेसची किंमत बायकांना कळत नसते.
अर्ज लिहिला. टाकायचा राहिला.

१३ जुलै
पहिली टेस्ट. एक सेट घरात, शरयूजवळ. मी जीप घेऊन दोन मैलांवर, शेतात. माइकच्या दांड्याला बटन आहे. मिस्त्रीनं चारदा बजावलं, दबाके बोलो, छोडके सुनो.
वीस मिनिटं बोललो. उत्तर नाही. अर्धा तास बोललो. उत्तर नाही. घरी आल्यावर शरयू म्हणाली, सगळं स्वच्छ ऐकू आलं, मी सहा वेळा उत्तर दिलं, तुम्ही बोलायचं थांबलात तर ना.
निष्कर्ष : सेट पाठवतो झकास, घेतो कच्चा. हरकत नाही. मला पाठवायचंच आहे.

१९ जुलै
नवी अडचण. बटन दाबून अंगठा दुखतो. चिखलात स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. उपाय सापडला. बटन सुतळीनं घट्ट बांधलं, माइक गळ्यात अडकवला. हात मोकळे! हे मिलिटरीला सुचलं नाही.
इंद्रभानला सुतळी दाखवली. हा माझा गडी, धनगराचा, सगळं रान पायाखालचं. त्यानं विचारलं, मालक, मंग पल्याडचा माणूस कव्हा बोलंल? मी म्हटलं, पल्याडच्यानं फक्त ऐकायचं आहे. तो म्हणाला, तुमच्या घरच्यावानी. काय म्हणायचं होतं कोण जाणे.

२५ जुलै
बदनापूरला मामांच्या ओसरीवर सेट आणि कर्णा बसवून आलो. मेहुणा गिरिधर, शरयूचा धाकटा भाऊ, ऑपरेटर. त्याला ताकीद दिली, त्या दिवशी कर्णा एक मिनिटही बंद करायचा नाही, काहीही झालं तरी.
मार्तंड टपकलाच. सेटभोवती फिरला. चांगला आहे म्हणाला. वर मला सांगतो, दादा, बोलून झालं की बटन सोडत जा. सल्ला! मला! तारेवर टिकटिक करणारा माणूस! दात ओठ खाल्ले. मनात म्हटलं, हसून घे, लेका. तेरा दिवस राहिलेत.

६ ऑगस्ट
शरयू दुपारच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, मागच्या वेळचं विसरा आणि जेवायला वेळेवर या, दुसरं काही नको मला. तिलाही सूड हवाय, पण बोलून दाखवत नाही.
कर्ण्यावरून करायचं भाषण तयार. शेवटी त्याची तीच तार वाचून दाखवणार. जिरवतोच त्याची.

७ ऑगस्ट, सकाळी ९.३०
निघालो. इंद्रभान शेजारी. वायरलेस चालू, सुतळी टाइट. पहिली घोषणा केली : श्रीपतराव निघाले!

१०.१५
रस्ता सोडला. इंद्रभान म्हणाला, मालक, काल लई पानी झालंया, जीप न्हाई जायाची. मी म्हटलं, ही अमेरिकन आहे. कर्ण्यावर घोषणा : आता आम्ही काळ्या रानात शिरत आहोत.

१०.४०
किरकोळ थांबलो आहे. चिंचेच्या विहिरीजवळ, मामांच्या घरापासून तीन मैल. चाकं दिसत नाहीत, पण जीप दिसते आहे.

११.००
इंद्रभानला बैल बघायला पाठवलं. चिखलामुळे आसपासच्या रानात आज कुणी बैल आणलेच नाहीत म्हणून लांब जावं लागणार. वायरलेसवर मदत मागितली. उत्तर नाही. दहादा मागितली. नाही. इंजिन चालूच ठेवलंय, बॅटरी उतरू नये म्हणून.

११.३०
आलं लक्षात. तिकडे सेट बंद पडलाय. नाहीतर एव्हाना कुणीतरी काहीतरी बोललं असतं. मार्तंडनंच वायर उपटली असणार! आता काय बोलतोय ते कुणाला ऐकू जाणार आहे? मंग मोकळेपणानं बोललो. मार्तंडला पोटभर हासडल्या. मामांनाही सोडलं नाही. पंचावन्नला जावयाला दिवा दिला, म्हणे चांदीचा. आत तांबं, वर पाणी! प्रेमलाच्या, म्हणजे मार्तंडच्या बायकोच्या, अनारशांची तर पायरी बांधता येईल.

१२.१०
बारा वाजून गेले. गेला सूड. पाऊस. टपातून गळून राह्यलं. भूक.
माणूस एकटा असला म्हणजे काहीही बोलतो. वायरलेसलाच सांगितलं, पंचावन्नला पाट गेला त्याचं खरं तर एवढं काही नव्हतं. पाचला पोचलो तेव्हा सगळे जेवले होते, एक शरयू सोडून. ती माझं ताट झाकून तशीच बसली होती, उपाशी. आणि मी सगळ्या माहेरासमोर तिच्यावरच ओरडलो, पहिला पाट का राखला नाहीस म्हणून. तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं होतं. तेव्हाच वाटलं होतं. मला माफ कर म्हणायला पाहिजे होतं. तीन वर्षांत जमलं नाही.
हे तीनचार वेळा बोललो. बोलताना जरा रडूही आलं. इंजिन चालू असूनही बॅटरी उतरली, तेव्हा थांबलो. बरं झालं कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी ५, बदनापूर
सगळ्यांनी ऐकलं.
गिरिधरनं सांगितलं ते असं. साडेनऊपासून कर्णा खणखणीत. निम्मी आळी ओसरीवर. मी अडकलो म्हटल्याबरोबर गिरिधर माइकवर ओरडला, दाजी, बटन सोडा! मग मामा ओरडले. सासूबाई दुर्गाबाई ओरडल्या. शेजारचे दोघे ओरडले. शेवटी माइक शरयूच्या हातात दिला, तर तिनं घेतलाच नाही. म्हणाली, ते बटन सोडत नसतात, अकरा वर्षं झाली लग्नाला.
तांब्याच्या दिव्याचं मामांनी ऐकलं. अनारशांचं प्रेमलानं ऐकलं, अनारसे तळता तळता. कर्णा बंद करू का, असं गिरिधरनं दोनदा विचारलं म्हणे. पण माझीच ताकीद होती.
मी शरयूचं बोलायला लागलो तेव्हा मार्तंड बैल मिळवून निघालाच होता. शरयूनंच त्याला दारात अडवलं. म्हणाली, मार्तंडराव, जरा थांबा, पहिल्यांदाच कामाचं बोलून राह्यलेत.
दीडला तो आला, दोन बैलजोड्या घेऊन. इंद्रभान त्याला वाटेत भेटलेला. मार्तंडनं स्वतः चिखलात उतरून दोर बांधला, मांडीपर्यंत बरबटला. ऐकलेल्या शिव्यांबद्दल चकार शब्द नाही. निदान एक शिवी तरी परत द्यायची होती मेल्यानं! माझ्या गळ्यातली सुतळी बघितली, गाठ सोडली आणि म्हणाला, दादा, चला, सगळे जेवायचे थांबलेत.
खरंच थांबले होते. पाट रिकामा होता. मामा स्वतः हाताला धरून घेऊन गेले. मार्तंड वाढायला उभा राहिला, तोही उपाशीच. पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार, आणि आग्रह की काय आग्रह! खाली मान घालून खाल्लं. खिशातलं भाषण खिशातच भिजून गेलं होतं.
अशा माणसावर सूड घ्यायचा तरी कसा? नीच आहे.

८ ऑगस्ट, सकाळ, बदनापूर
ओसरीवर कुणी नव्हतं. शरयू येऊन समोर बसली. म्हणाली, काल यंत्राला जे सांगत होता ते आता मला सांगा.
मी घसा साफ केला. कालच्या चिखलाचं थोडं सांगितलं. बॅटरीचं सांगितलं. काल अर्धा तास न थांबता बोललो होतो, आज पुढचा एक शब्द सुचेना. ती बघत होती. मी जोत्याच्या दगडाकडे बघत होतो.
मंग ती म्हणाली, असू द्या, ऐकलंय मी. आणि चहा ठेवायला आत गेली.