तळं भरलेलं दिसावं म्हणून

३ ऑक्टोबर
साहेबांचा निरोप — तळं भरलेलं दिसलं पाहिजे! आधी वाटलं थट्टा करताहेत. बर्फाळ प्रदेशांच्या धोरणावर मोठी परिषद भरतेय, मंत्री-बिंत्री तळ्याकाठी फोटो काढणार. पाणी उतरलेलं असलं की कडेला चिखलाचा पट्टा दिसतो, तो फोटोत बरा दिसत नाही. तेव्हा परिषद होईपर्यंत पाइप बंद.

हे तळं वितळलेल्या बर्फाचं. अडवलंय कशानं, तर बर्फानं मागे सरकताना टाकलेल्या दगडमातीच्या ढिगानं. पाणी फार चढलं तर तो कधी सुटेल, सांगता येत नाही. म्हणून तीन पाइप टाकून आम्ही पाणी थोडंथोडं नदीत सोडत असतो. माझी अख्खी नोकरी एवढीच. आणि साहेब म्हणतात, भरा!

५ ऑक्टोबर
साहेबांना भेटलो. समजावलं — रात्री थंडी पडायला लागलीय, वाहतं पाणी गोठत नाही, थांबलेलं गोठतं, पाइप फुटतील. त्यांनी चहा मागवला. साहेबांनी चहा मागवला की समजायचं, निर्णय झालेला आहे.

६ ऑक्टोबर
व्हॉल्व्ह बंद केले. माझ्याच हातानं.

७ ऑक्टोबर
ताईकडे गेलो. खालच्या गल्लीतलं शेवटचं घर तिचं, नदीला लागून. दारातच विचारलं तिनं, पाइप का बंद केलेस म्हणून. घरासमोर नदीत एक चपटा दगड आहे. पाइप चालू असले की तो बुडलेला असतो. सकाळी चूळ भरायला बाहेर आली की ताईची नजर आधी त्याच्यावर. दगड बुडालेला म्हणजे भाऊ कामावर, सगळं ठीक! गल्लीतल्या बायकाही तिलाच विचारून निश्चिंत होतात.

आज दगड कोरडा. म्हटलं, थोडे दिवस वरच्या वस्तीत माझ्याकडे ये. हसली. "तू वर तळ्यावर आहेस ना? मग मला कसली भीती?"



११ ऑक्टोबर
फोटो झाला. तळं निळंशार दिसत होतं, खोटं कशाला बोलू. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, इथे कायम इतकी शांतता असते का. हो म्हणालो. सायलेन्सर — आमचा फिटर, तोंड कधी बंद नसतं म्हणून हे नाव — तोसुद्धा गप्प उभा होता.

१२ ऑक्टोबर
व्हॉल्व्ह उघडले. एकच पाइप पाणी ओढतोय. बाकीचे दोन तडकलेत, चिरेतून हवा घेताहेत, त्यामुळे पाणी खेचलंच जात नाही. सायलेन्सरनं भरपूर शिव्या घातल्या. कोणाला ते कळलं नाही. मला असाव्यात.

१५ ऑक्टोबर
नवे पाइप गोदामात पडून आहेत, पण बसवायचे नाहीत! नव्या धोरणात कलम आहे — अशा तळ्यांवर कुठलंही काम समितीच्या परवानगीशिवाय करायचं नाही. तळी जपायची आहेत म्हणे. आणि समिती? ती अजून नेमायचीय. म्हटलं, निदान खालची गल्ली तरी हलवा. साहेब म्हणाले, "हलवली तर धोका आहे असा अर्थ होईल." मग चहा आला.

१९ ऑक्टोबर
पाऊस. या दिवसांत इथे बर्फ पडायचा! तळं चढतंय, एकटा पाइप काय पुरा पडणार? ढिगाच्या पायथ्याशी पाणी नेहमी झिरपतं, पण स्वच्छ. आज गढूळ आहे. म्हणजे आतली माती निघतेय. मला भीती वाटतेय.

२० ऑक्टोबर
घरोघर फिरलो. खरं ते सगळं सांगितलं. लोकांनी बसायला दिलं, नीट ऐकून घेतलं, आणि कोणीही हललं नाही. तू आहेस तोवर काही होत नाही म्हणे. ताईनं तर दगडाकडे बोट दाखवलं. पावसानं नदी फुगलीय, त्यामुळे दगड बुडालेला. तिला वाटतंय पाइप चालू आहेत! ते पावसाचं पाणी आहे असं परोपरीनं सांगितलं. लहानपणापासून तू भित्राच, म्हणाली, आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.

इतकी वर्षं इमानानं नोकरी केली त्याचं हे फळ. माझ्यावरचा विश्वासच यांच्या जिवावर उठलाय. रडू आलं, रस्त्यातच.

२१ ऑक्टोबर
ताईला सांगितलं — नोकरी सोडली, मला माझा जीव प्यारा आहे, वर आता कोणी नाही. ती म्हणाली, "आईनं तुला याच्यासाठी वाढवलं का?" मग आत जाऊन ट्रंक ओढली. तिचं बघून शेजारीण निघाली, शेजारणीचं बघून बाकीचे. दुपारपर्यंत गल्ली रिकामी. जाताना कोणी माझ्याशी बोललं नाही.

२३ ऑक्टोबर
ढीग सुटला. खालची गल्ली राहिली नाही. माणसं सगळी वरच्या वस्तीत, सुखरूप. ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू वर असतास तर हे झालं नसतं."

तळ्यावरच होतो. सायलेन्सर आणि मी, विनापरवानगी पाइप बसवत होतो. तो सांगायला तोंड उघडत होता, मी त्याचा हात दाबला. कळलं तर पुन्हा माझ्या भरवशावर तिथेच घरं बांधतील.